ज्वालाग्राही, ज्वलनशील, ज्वलंत: आग कुठवर आली आहे?

प्रश्न असा आला आहे: "पेट्रोलच्या टँकरवर कुठे 'ज्वालाग्राही' लिहिलेलं असतं, कुठे 'ज्वलनशील'. दोन्ही एकच का? आणि बातमीत 'ज्वलनशील भाषण', 'ज्वालाग्राही मुद्दा', 'ज्वलंत वक्तव्य' असं लिहिलं तर चालेल का? आमच्या डेस्कवर प्रत्येक जण वेगळं सांगतो."

मी सव्वीस वर्षं दोन कामं करतोय. सकाळी कारखान्यांची सुरक्षापत्रकं, डब्यांवरची लेबलं, यंत्रांच्या पुस्तिका मराठीत आणायच्या आणि संध्याकाळी एका दैनिकात बातम्यांवरून हात फिरवायचा. त्यामुळे हे शब्द मला दोन्हीकडे भेटतात. सकाळी ते खरोखर पेटतात, संध्याकाळी फक्त मथळ्यात.

टँकरपुरतं उत्तर सोपं आहे: दोन्ही चालतात, वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. बातमीतली तुमची तिन्ही उदाहरणं मात्र माझ्यासमोर आली असती तर एक मी बदललं असतं, एक खोडलं असतं आणि एकावर तुम्हाला फोन करून विचारलं असतं. कोणतं कुठलं, ते पुढे येईलच.

आधी शब्द फोडून बघू. 'ग्राही' म्हणजे घेणारा, पकडणारा. गुणग्राही माणूस दुसऱ्याचा गुण दिसला की उचलतो, तसा ज्वालाग्राही पदार्थ ज्वाळा जवळ आली की उचलतो. आपण रोज म्हणतो ना, 'गवताच्या गंजीने पेट घेतला'? 'ज्वालाग्राही' म्हणजे पेट घेणारा, एवढंच. फक्त सोवळं नेसून आलेला. 'ज्वलनशील'मधलं 'शील' वेगळं. सहनशील, विचारशील, संवेदनशील, म्हणजे ज्याचा तो स्वभावच आहे. जळणं हा ज्याचा स्वभाव, तो ज्वलनशील. त्याने पटकन पेट घ्यावा असं हा शब्द म्हणत नाही.

फरक बघायचा तर चुलीजवळ जा. बाभळीचा ओंडका ज्वलनशील आहे यात शंका नाही. एकदा लागला की रात्रभर धग देतो. पण त्याला नुसती काडी लावून बघा. आगपेटी संपेल, ओंडका जागचा हलणार नाही. म्हणून आमची आजी आधी चिपाडं रचायची, वर गोवरीचा तुकडा, फारच सर्द असेल तर रॉकेलचे चार थेंब, आणि मग जाळ धरला की ओंडका आत सारायची. तिला दोन्हींपैकी एकही शब्द माहीत नव्हता, पण आधी काय लावायचं आणि मागून काय, याची गल्लत तिच्या हातून कधी झाली नाही. (वखारीतला 'जळाऊ' हा शब्द तिसराच. इमारती लाकूडही जळतंच. जळाऊ म्हणजे जाळण्याच्या कामाचं. तो गुण सांगत नाही, उपयोग सांगतो.)

हाच फरक कायद्याने आकड्यात बांधला आहे. द्रवाची वाफ किती तापमानाला ठिणगी पकडण्याइतकी जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्याकडच्या पेट्रोलियम कायद्यात हा बिंदू २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर अ वर्ग, २३ ते ६५ च्या आत असेल तर ब वर्ग आणि ६५ ते ९३ च्या आत असेल तर क वर्ग. हे सगळं सांभाळणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्या आसपास असतो. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही ते पेट घ्यायला तयारच. डिझेलला मात्र भारतीय मानकाप्रमाणे किमान ३५ अंश लागतात.

आकडा वाचून माझ्या डोक्यात काही उतरलं नव्हतं. ते उतरलं एका प्रात्यक्षिकात. डिसेंबरातली सकाळ, कारखान्याचं मागचं मैदान, दोन लोखंडी परातींत थोडं डिझेल आणि थोडं पेट्रोल. अग्निशमन अधिकाऱ्याने लांब सळईच्या टोकाला पेटता बोळा बांधून आधी तो डिझेलमध्ये बुडवला. चर्र झालं, बोळा विझला. "याला घाई नाही," तो म्हणाला. मग दुसरा बोळा पेट्रोलच्या परातीकडे नेला. तो परातीला टेकलाच नाही. हातभर अंतरावर असतानाच भक्क झालं आणि आम्ही सगळे दोन पावलं मागे. पेट्रोल जळतच नाही, जळते ती त्याच्यावर तरंगणारी वाफ. आणि ती वाफ बोळ्याला भेटायला पुढे आली होती. 'ग्राही' म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. (हा प्रयोग घरी करायचा नाही. नागपूरच्या मे महिन्यात तर डिझेलवरही भरवसा ठेवू नये, तिथे हवाच पस्तिसाच्या वर असते.)

तेव्हा तांत्रिक मजकुरात माझा नेम असा: ठिणगीसरशी पेटणारं ते ज्वालाग्राही, आणि जळू शकणारं ते सगळं ज्वलनशील. प्रत्येक ज्वालाग्राही वस्तू ज्वलनशील असतेच, उलट मात्र खरं नाही. हा नेम सगळे पाळत नाहीत. शाळेच्या विज्ञानात हायड्रोजन 'ज्वलनशील वायू' म्हणूनच शिकवतात आणि त्यात कुणाचं बिघडलेलं नाही. हिंदी पाट्यांवर 'अति ज्वलनशील' रुळलेलं असल्यामुळे देशभर फिरणाऱ्या टँकरवर तेच दिसतं; मराठी कानाला 'अत्यंत ज्वालाग्राही' जवळचं. बिघडतं ते तिसऱ्याच ठिकाणी: 'ज्वालाग्रही' आणि 'ज्वालागृही'. पहिल्यातला टँकर ज्वाळेचा आग्रह धरून बसलेला वाटतो आणि दुसऱ्यात ती घरी राहायलाच आलेली. 'ज्वलनशिल' तर इतकं सर्रास दिसतं की पेंटरला बोलून उपयोग नाही. पण छापील लेबलवर मी एक वेलांटीही सोडत नाही, आणि त्याला कारण आहे.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका रंगांच्या कारखान्यातून थिनरच्या डब्याचं लेबल तपासायला आलं. मराठी आधीच कुणीतरी केलेलं होतं, मला फक्त शुद्धलेखन बघायचं होतं. लाल पट्टीत ठसठशीत लिहिलं होतं: 'अत्यंत अज्वलनशील'. म्हणजे हा डबा चुलीशेजारी ठेवा, काही होत नाही. भाषांतर करणाऱ्याने इंग्रजी 'इन्फ्लेमेबल'मधला 'इन' पाहिला आणि 'इनकरेक्ट', 'इनकम्प्लीट'च्या चालीवर नकार लावून मोकळा झाला. मूळ लॅटिनमधला हा 'इन' नकाराचा नव्हेच. तो 'आत', 'मध्ये' या अर्थाचा. ज्वाळेत जाणारं ते इन्फ्लेमेबल. इंग्रजी बोलणारेही इथे इतके ठेचकाळले की १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने 'इन' काढून नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. म्हणून आज दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आणि उलट अर्थासाठी 'नॉन-फ्लेमेबल'. आपल्या टँकरांवर मात्र जुनं 'हायली इन्फ्लेमेबल' अजून ठाण मांडून आहे. मराठीत ही भानगड मुळात नाही. 'अ' लागला की नकार, संपलं. ती आयात होते भाषांतरातून. त्या लेबलचे पाच हजार नग छापून झाले होते. ते रद्द करायला लावताना फोनवर मला ऐकावं लागलं, की एका अक्षरासाठी एवढा खर्च? मी म्हटलं, हो, त्याच अक्षरासाठी.

शब्दामुळे आग लागते हे मी गमतीने म्हणत नाही. भाषा आणि विचार यांचं नातं मांडणारा बेंजामिन ली व्होर्फ पोटापाण्यासाठी अमेरिकेतल्या एका आगविमा कंपनीत अग्निप्रतिबंधाचं काम करायचा. त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ खुशाल विडी ओढतात. खरा धोका रिकाम्यात जास्त, कारण त्यात वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. पण 'रिकामं' म्हटलं की मन निश्चिंत होतं. मराठीतही तेच: रिकामा माणूस, रिकामी गाडी, रिकामी उठाठेव. रिकाम्याला आपण हिशेबातच धरत नाही. म्हणून माझ्याकडे पिंपाचं लेबल आलं की 'ज्वालाग्राही'च्या खाली एक ओळ मी मागून घेतो: 'पिंप रिकामं झालं तरी आत वाफ असते.'

आता एक शब्द शेजारच्या आळीतला, 'स्फोटक'. ज्वालाग्राही आणि स्फोटक यांची बातम्यांत फार सरमिसळ होते. दोन्ही एकत्र ठेवले तर काय होतं हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला पाहिलं. कराचीहून आलेलं 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा. कापसाची दाबून बांधलेली गाठ भसकन पेटत नाही, ती आतल्या आत धुमसते. दुपारी धूर दिसला, पाणी मारणं सुरू झालं, धुमसणारा कापूस काही आवरेना आणि चार वाजून गेल्यावर दारूगोळा उडाला. विझवायला गेलेल्यांपैकी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यासाठी. त्या एका जहाजावर शब्दांचे तीन वेगळे अर्थ होते: धुमसणारं, जळणारं आणि उडणारं. बातमीत 'परिस्थिती स्फोटक' लिहिताना मी मनात विचारतो, ही खरंच दारूगोळ्याची स्थिती आहे की कापसाची? बहुतेक वेळा कापसाचीच असते आणि तिथे 'धुमसतो आहे' हाच शब्द खरा. अवघड एवढंच, की क्रिकेटवाल्यांनी 'स्फोटक' शब्दाला भलतंच लाडावून ठेवलंय. स्फोटक फलंदाज म्हणजे कौतुक, स्फोटक वस्ती म्हणजे बंदोबस्त.

इथून आपण अलंकारिक वापरात शिरलोच आहोत. माझं म्हणणं साधं आहे. मराठीने हे शब्द आगीच्या कोणत्या घटकेला वापरायचे ते वाटून दिले आहेत. आग लागायच्या आधीचे शब्द वेगळे, लागलेल्या आगीचे वेगळे, आणि दुसऱ्याला आग लावणाऱ्याचे आणखी वेगळे. शब्द निवडताना आग कुठवर आली आहे ते बघायचं.

'ज्वलंत' हे संस्कृतातलं 'जळत असलेला' असं चालू काळ दाखवणारं रूप. म्हणून ज्वलंत प्रश्न म्हणजे आज, आत्ता पेटलेला प्रश्न. पाण्याचा, कांद्याच्या भावाचा, ज्या त्या गावाचा जो असेल तो. उद्या कधीतरी पेटेल असा प्रश्न ज्वलंत नव्हे. त्याच धातूचं थोरलं रूप 'जाज्वल्य'. ते नुसतं जळत नाही, झळाळत जळतं, म्हणून अभिमान जाज्वल्य असतो, प्रश्न कधीच नाही. 'उज्ज्वल'मध्ये तर जळणं पार विसरलं गेलं आणि फक्त उजेड उरला. मुलाचं भवितव्य उज्ज्वल म्हणताना कुणाला धूर आठवत नाही. याच घरातलं एक विचित्र अपत्य म्हणजे 'ज्वलज्जहाल'. पुढचा भाग संस्कृत, मागे आपला जहाल. १९०७ च्या सुरत काँग्रेसात जहाल आणि मवाळ वेगळे झाले तेव्हापासून 'जहाल' राजकारणात पक्का बसला, आणि त्यालाही कमी पडलं तेव्हा वक्त्यांनी त्याच्या आधी 'ज्वलत्' जोडलं. आज हा शब्द कुणी गंभीरपणे वापरला तर मला थोडं हसू येतं, हे कबूल करतो.

मग आग लागायच्या आधीचं काय? तिथे 'ज्वालाग्राही' अलंकारातही छान बसतो, फक्त अट एकच: वस्तू पेटलेली नसावी आणि ठिणगीची वाट बघत असावी. 'दोन महिने पगार नाही, वर नोटिसा. कामगार वस्तीतलं वातावरण ज्वालाग्राही झालं होतं' हे वाक्य मी तसंच जाऊ दिलं होतं. त्या रात्री तिथे काही पेटलं नव्हतं, पण पेटायला काडी पुरली असती. माणसाच्या स्वभावाला मात्र हा शब्द लावू नका. त्यासाठी मराठीत घरचे शब्द भरपूर आहेत: तापट, भडक डोक्याचा, शीघ्रकोपी, आणि सगळ्यांच्या वर जमदग्नी. आमच्या एका मुकादमांना अख्खा कारखाना पाठीमागे जमदग्नीच म्हणायचा. 'त्यांचा स्वभाव ज्वालाग्राही आहे' असं म्हटलं असतं तर सुरक्षा विभागाने त्यांच्यावर पाटी लावली असती. 'ज्वलनशील' माणूस म्हणायचाच असेल तर तो एकच, जळकुकडा. दुसऱ्याचं बरं झालं की जळणं हे त्याचं खरोखर शीलच असतं.

तिसरा गट आग लावणाऱ्यांचा, आणि तुमच्या 'ज्वलनशील भाषणा'ची चूक इथे आहे. भाषण जळत नाही. भाषण जाळतं. सभेत जळण असतं ते समोर बसलेल्यांच्या मनात. भाषण ही काडी. काडीला 'जळण' म्हणणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हे झालं इंग्रजीमुळे. तिथे 'इन्फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेटरी' शेजारी शेजारी राहतात, घाईत एकाचं कुलूप दुसऱ्याला लागतं. इन्फ्लेमेटरी म्हणजे पेटवणारं, आणि त्याला मराठीत भडकाऊ, चिथावणीखोर, प्रक्षोभक असे तीन चांगले शब्द आहेत. तिघांची वजनंही वेगळी. 'भडकाऊ' बोलीतला, 'चिथावणीखोर' हेतूवर बोट ठेवणारा आणि 'प्रक्षोभक' पोलीस ठाण्यातला. दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचा गुन्हा नोंदला जातो (पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १५३ अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १९६), तेव्हा बातमीत 'प्रक्षोभक' लिहावं आणि तेही 'भाषण केल्याच्या आरोपावरून' असं. 'चिथावणीखोर' लिहिलंत तर हेतू तुम्हीच सिद्ध करून टाकलात. तेवढं काम न्यायालयाला राहू द्या. याच इंग्रजी शब्दाचा तिसरा भाऊ औषधाच्या चिठ्ठीवर भेटतो. 'अँटी-इन्फ्लेमेटरी' गोळीला कुणीतरी 'ज्वलनविरोधी' लिहिलेलं मी पाहिलंय. गुडघा पेटलेला नसतो हो, त्याला दाह झालेला असतो, गोळी दाहशामक.

'भडक' आणि 'भडकाऊ' एका मुळातून आले तरी वेगळे ठेवा. भडक रंग, भडक बातमी, भडक मेकअप. इथे आग लागत नाही, डोळे दिपतात. 'जळजळीत' आणि 'दाहक' हे ज्याला झळ लागते त्याच्या बाजूने बोलतात. जळजळीत टीका ज्याच्यावर झाली त्याला ती लागते, दाहक वास्तव बघणाऱ्याला पोळतं. म्हणून 'दाहक वक्तव्य' मला खटकत नाही, पण आधी ते कुणाला पोळलं हे बातमीत असायला हवं.

एक वापर मला फार आवडतो, कारण त्यात आग चांगली आहे. 'त्या दोघांत विस्तव जात नाही.' पूर्वी सकाळी चूल पेटवायला शेजारणीकडून निखारा मागून आणत. ज्या दोन घरांत तेवढी देवाणघेवाणही उरली नाही, त्यांचं वैर किती असेल! नवीन पोरं हल्ली 'त्यांच्यात विस्तव पेटला आहे' असं लिहितात आणि त्यांना वाटतं भांडणाचाच विस्तव. मी कॉपी परत पाठवतो. तो विस्तव शेजारधर्माचा आहे, तो जात नाही हीच तक्रार.

आता तुमची तीन उदाहरणं. 'ज्वलनशील भाषण' खोडा आणि 'प्रक्षोभक' करा. साध्या गावसभेची बातमी असेल तर 'भडकाऊ'. 'ज्वलंत वक्तव्य' मी बदललं असतं: वक्तव्य कुणाला झोंबलं असेल तर 'जळजळीत', कुणाला उठवायला केलं असेल तर 'चिथावणीखोर', आणि नुसतं गाजलं असेल तर 'खळबळजनक', त्यात आगीचा संबंधच नाही. 'ज्वालाग्राही मुद्दा' यासाठी मी तुम्हाला फोन केला असता. विचारलं असतं, मोर्चा निघाला का? निघाला असेल तर मुद्दा ज्वलंत झाला. अजून नुसत्या बैठका चालल्या असतील, निवेदनं दिली जात असतील आणि तहसीलदार रजेवर असतील, तर तुमचा शब्द बरोबर आहे, तसाच ठेवा.